भंगारातलं बॉनेट आणि पॉलिशचं मशीन

[दृश्य: अंबड. पत्र्याच्या शेडसमोर दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं लाल बॉनेट.]

हे बॉनेट आता कुठल्याच गाडीला बसणार नाही. एक कोपरा चेपलाय, बिजागरीचे बोल्ट गायब आहेत, आणि भंगारवाल्याने ते किलोच्या भावात मोकळं केलंय. स्वतःच्या गाडीला स्वतः मशीन मारायची ज्याला हौस आहे, त्याची पहिली खरेदी ही असावी, हात बसवायला. मशीन त्यानंतर.

नाशिकमध्ये जुना पत्रा मिळायला अडचण नाही. अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारावर महापालिकेने २०१७ मध्ये बुलडोझर फिरवला, २०२५ मध्ये पुन्हा फिरवला; जुन्या पार्टचा धंदा काही शहर सोडून गेला नाही. बॉनेट उचलताना मात्र रंग कंपनीचाच आहे ना, हे बघून घ्यावं. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि पत्र्यावरून फिरवा. जिथे ते ढिलं पडतं तिथे खाली पुट्टी भरलेली आहे. कारखान्यात रंगवलेला नुसता सांगाडा साधारण १४० अंशांच्या भट्टीतून जातो. गॅरेजमध्ये तयार गाडी तेवढी तापवता येत नाही, रबर-प्लास्टिकची वाट लागेल. तिथे ६० अंशांच्या आसपास काम भागवतात. दोन्ही रंगांचा कडकपणा वेगळा, मशीनखालचं वागणंही वेगळं. सातपूरच्या प्लँटमधून निघालेल्या स्कॉर्पिओचा मूळ दरवाजा आणि ठोकर लागल्यावर पुन्हा रंगवलेला दरवाजा, हे हाताला दोन निराळ्या गाड्यांसारखे लागतात.

[दृश्य: गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचं पार्किंग, सकाळी सात. एक मुलगा बादलीत फडकं बुडवून ओळीने गाड्या पुसतोय.]

गाडीला चरे पडतात ते बहुतेक वेळा इथे, पार्किंगमध्ये. एक बादली, एक फडकं, पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीवरची धूळ दुसऱ्या गाडीवर घासली जाते. त्या पोराचा दोष नाही. त्याला महिन्याचे जेवढे पैसे मिळतात तेवढ्यात प्रत्येक गाडीला नवं फडकं कुठून येणार? त्यात नाशिकची धूळ. सिंहस्थाच्या तयारीत खोदलेले रस्ते, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या बाजूला राहणाऱ्यांना राख, बोअरच्या पाण्याने धुतली तर क्षारांचे पांढरे ठिपके. आणि दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचा हार. हार वाऱ्याने दिवसभर घासत राहतो, कुंकवाचा डाग आठवडाभर तसाच राहिला तर रंगात उतरतो. पूजा करू नका असं कोण म्हणेल? संध्याकाळी ओल्या फडक्याने हळूच पुसा, एवढंच म्हणणं आहे.

पांढऱ्या गाडीवर हे चरे सहसा दिसत नाहीत. काळी गाडी उन्हात उभी करा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. त्यालाच डिटेलिंगवाले स्वर्ल म्हणतात.

[दृश्य: बॉनेटच्या रंगाचा जवळून शॉट. जाडी मोजण्याच्या यंत्रावर आकडा.]

पत्र्यावर प्रायमर, प्रायमरवर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज करा.

पॉलिशने चरा भरत नाही. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो, चऱ्याच्या तळापर्यंत. मग कडा उरत नाही, प्रकाश विखुरत नाही, चरा दिसत नाही. कंपाउंडचा, म्हणजे जास्त घासणाऱ्या भरड पॉलिशचा, एक हात दोन-तीन मायक्रॉन खाऊ शकतो. बारीक पॉलिश एकाहून कमी. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी रसायनंही याच क्लिअर कोटमध्ये असतात. तो फार पातळ झाला की लगेच काही होत नाही. दोन-चार उन्हाळे जातात आणि मग छतावर पांढरे पोपडे सुटू लागतात. तेव्हा पॉलिश नाही, रंगच मारावा लागतो.

म्हणून वर्षाला दोनदा ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. गाडी चमकत घरी येते हे खरं. बऱ्याचदा ती चमक तेलाची असते. चऱ्यांमध्ये तेल बसतं, चार धुण्यांत उतरतं, चरे परत हजर. गेलेला क्लिअर कोट तेवढा परत येत नाही.

[दृश्य: टेबलावर दोन मशीन शेजारी शेजारी. दोन्ही चालू.]

आता मशीन. डावीकडचं रोटरी. मोटारीचा दांडा जसा फिरतो तसं पॅड एकाच आसावर गरगर फिरतं. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे वर्षानुवर्षं हेच असतं, आणि ज्याचा हात बसलाय तो याने खोल चरे झटपट काढतो. पण एका जागी रेंगाळलं की उष्णता साठते, कडेवर गेलं की रंग उडतो, आणि नवख्याच्या हाताने काळ्या गाडीवर होलोग्राम उमटतात: उन्हात डोकं हलवलं की सोबत हलणाऱ्या धुरकट कमानी. चरे काढायला गेलात आणि कमानी घेऊन आलात.

उजवीकडचं ड्युअल अ‍ॅक्शन, बाजारात ‘डीए’ म्हणून मागा. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी आस लहानशा वर्तुळात हेलकावतो. पॅडचं स्वतःभोवती फिरणं मोकळ्या बेअरिंगवर असतं, त्यामुळे जास्त दाबलं की ते थांबतं आणि नुसतं थरथरत राहतं. काम थांबतं, रंग वाचतो. घरी शिकणाऱ्यासाठी ही खोड फार मोलाची. गिअरने पॅड सक्तीने फिरवणारी डीए मशीनही मिळतात. ती दाबली तरी थांबत नाहीत, म्हणून पहिलं मशीन म्हणून घेऊ नका.

डीए घेताना विक्रेता वॅट सांगेल. तुम्ही थ्रो विचारा, म्हणजे तो हेलकावा किती मिलिमीटरचा. ८ मिलिमीटरचं मशीन शांत चालतं, वळणांवर अडत नाही, काम हळू करतं. १५ चं बहुतेकांना पुरतं. २१ मिलिमीटरचं बॉनेट-छतासारख्या सपाट जागेवर भराभर उरकतं आणि बंपरच्या वळणावर अडखळतं. इटलीच्या रुपेस कंपनीने ही १५ आणि २१ ची लांब हेलकाव्याची मशीन लोकप्रिय केली. आता त्या धाटणीची स्वस्त मशीन ढिगाने मिळतात. किमती काही हजारांपासून चाळीस हजारांच्या पुढे जातात. माझं मत विचाराल तर मधल्या किमतीचं, १५ चं, पाच इंची बॅकिंग प्लेटचं (जिच्यावर पॅड चिकटतं ती चकती) मशीन घ्या आणि उरलेले पैसे पॅडवर घाला. एका गाडीला दोन पॅडवर काम काढणारे लोक पाहिलेत. भरलेलं, तापलेलं पॅड कापत नाही, नुसतं चोळतं.

दुकानात मशीन हातात धरून बघा. अडीच किलोचं वजन पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, दरवाजाच्या खालच्या पट्ट्यापर्यंत पोहोचल्यावर कळतं. सुरू केल्यावर झटका न देता हळूहळू वेग घेतं का बघा. मोटारीचे कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का विचारा. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर आधी व्होल्टेज वाचा. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं मशीन आपल्या २३० च्या बोर्डात लावलं तर धूर निघेल.

आणि अँगल ग्राइंडरला बफ लावून पॉलिश? लोक करतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो. पॉलिशला रोटरीसुद्धा हजार-दोन हजारांवर चालवतात. पुढे काही सांगायला नको.

[दृश्य: शेड. मिस्तरी आणि शिकाऊ मुलगा. बॉनेटवर मास्किंग टेपने पाडलेले चौकोन.]

बॉनेट धुतलंय, क्ले बारने, म्हणजे रंगात रुतलेली धूळ ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, त्यावरची खरखर काढलीय. टेपने दीड-दोन फुटांचे चौकोन आखलेत. एक चौकोन तसाच सोडायचा, हात लावायचा नाही. नाहीतर फरक कशाशी ताडणार? मिस्तरी मार्कर घेऊन बॅकिंग प्लेटच्या कडेला एक जाड काळी रेघ ओढतात.

“मामा, हे कशाला?”

“ही रेघ फिरताना दिसली पाहिजे. बस्स.”

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात चार ठिकाणी टेकवायचं, नाहीतर कंपाउंड शर्टावर. वायर खांद्यावरून पाठीमागे, नाहीतर तीच रंगावर घासत राहते. आधी एक नंबरवर पसरवायचं, मग चार-पाचवर घ्यायचं. आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या अर्ध्या ओळीवर चढवून. हात सेकंदाला इंच-दीड इंच सरकतोय. शिकणारे हमखास चौपट वेगाने पळवतात, खिडकीची काच पुसल्यासारखं.

“दाबू का जरा?”

“दाब. आणि रेघ बघ.”

[दृश्य: जवळून. फिरणारी काळी रेघ धूसर, मग दाब वाढताच स्पष्ट, मग जागच्या जागी थरथरणारी.]

फिरणं थांबलंय. मशीन आवाज करतंय, हाताला थरथर लागतेय, पण रंगावर जवळपास काहीच होत नाहीये. दाब सैल केला, रेघ पुन्हा धूसर झाली. पॅड वाकडं धरलं तरी हेच होतं. किती दाबायचं याचं उत्तर कुठल्या पुस्तकात शोधायला नको. रेघ फिरती ठेवून जेवढं दाबता येईल तेवढं. तासाभरात हे डोळ्यांवरून हातात उतरतं.

कंपाउंडकडेही लक्ष हवं. सुरुवातीला पांढरं, दाट. चार-पाच फेऱ्यांनंतर पातळ होऊन पारदर्शक पडदा उरतो. तिथे थांबायचं. कोरडं झाल्यावरही मारत राहिलं की धूळ उडते आणि नवे चरे पडतात. एप्रिलच्या दुपारी नाशिकच्या उन्हात ते बघता बघता वाळतं, म्हणून सावली आणि थंड पत्रा हवा. डिसेंबरच्या सकाळी तेच कंपाउंड निवांत वेळ देतं.

मग पुसायचं, आणि पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुन्हा पुसायचं. तेल उतरलं की खरा निकाल दिसतो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून सोडलेल्या चौकोनाशी ताडून बघा.

[दृश्य: बॉनेटची पुढची कड. रोटरी मशीन.]

आता मिस्तरी मुलाच्या हातात रोटरी देतात आणि सांगतात, कडेवर ठेव, हलवू नको. हा धडा मुद्दाम नासवण्याचा आहे, आणि भंगारातलं बॉनेट आणलं ते मुख्यतः यासाठी. पत्र्याच्या दुमडीवर आणि कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा भार तेवढ्याच रेषेवर येतो. काही सेकंदांत जळका वास येतो. पांढऱ्या पॅडवर लाल रंग उतरतो. क्लिअर कोट असलेल्या गाडीत पॅडवर रंग आला म्हणजे क्लिअर कोट संपला. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगात तो पहिल्या फेरीपासूनच येतो, तिथे घाबरायचं कारण नाही. म्हणूनच आपल्या गाडीवर कोणता रंग आहे हे आधी माहीत हवं. लालनंतर प्रायमरचा राखाडी पट्टा उघडा पडतो. मुलगा मशीन उचलतो. मिस्तरी त्याला हात लावून बघायला सांगतात: पत्रा चटका देतो. प्लास्टिकच्या बंपरवर हे आणखी लवकर होतं, कारण प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही.

[दृश्य: काळी हॅचबॅक, कडांना आणि रबरांना मास्किंग टेप.]

स्वतःच्या गाडीवर आल्यावरही सुरुवात एका चौकोनाने. सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ फोमचं पॅड आधी. त्याने चरे गेले तर कंपाउंडचा डबा उघडायचाच नाही. नाही गेले तर आधी पॅड बदला, त्यानंतर पॉलिश. नखाला अडकणारा चरा सोडून द्या. तो काढण्याइतका क्लिअर कोट खर्च करणं परवडत नाही, टच-अपचा ब्रश बरा. जे जमलं तेच सगळ्या गाडीवर, एकेक चौकोन. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा, तापलं असेल तर बदला. शेवटी रंगावर संरक्षक थर म्हणून वॅक्स किंवा सीलंटचा हात द्या, आणि सोसायटीत गाडी पुसणाऱ्या पोराला दोन चांगली मायक्रोफायबरची फडकी आपल्या पैशाने घेऊन द्या.