टाच

(दृश्य : अरुंद दरी, निळसर बर्फाच्या भिंती, हेडलॅम्पचे हलते ठिपके)

नॉर्वेमधलं र्‍युकान. ही दरी इतकी खोल आहे की सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सूर्य गावात उतरतच नाही. २०१३ साली इथे डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. त्यांनी वळवलेलं ऊन चौकात पडतं आणि लोक त्या उजेडात येऊन उभे राहतात. बाकी दरीवर सावलीच असते, आणि म्हणूनच इथले धबधबे गोठतात नि महिनोन्‌महिने गोठलेले राहतात.

दोर खांद्यावर घेऊन हे धबधबे चढायला शिकण्यासाठी निघालेली ही बारा मुलं-मुली ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात शिकतात. कुणी इंजिनिअरिंगला आहे, कुणी इतिहासाला. आठवड्यातली एक संध्याकाळ आणि काही शनिवार-रविवार ती गणवेशात असतात. १९०८ साली सुरू झालेल्या ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरचे हे ऑफिसर कॅडेट. पदवीनंतर सैन्यात जायलाच हवं, असं बंधन त्यांच्यावर नाही.

(दृश्य : क्रोकान, दरीतली बर्फचढाईची जागा. बर्फावर पहिला घाव)

हा आवाज ऐका. ठक. भरीव, बुटका आवाज. म्हणजे कुऱ्हाडीचं टोक नीट रुतलं. आता हा दुसरा, पोकळ वाजला. पाठोपाठ ताटाएवढी चकती सुटून खाली आली. म्हणून चढणाऱ्याच्या बरोबर खाली कुणी उभं राहत नाही, खालून त्याचा दोर सांभाळणारा, म्हणजे ‘बिले’ देणारासुद्धा बाजूला सरकून उभा असतो. कडाक्याच्या थंडीत बर्फ काचेसारखा ठिसूळ होतो, शून्याच्या आसपास तो मऊ पडतो आणि टोक धरून ठेवतो. कोपर वर, मनगट सैल, शेवटच्या क्षणी झटका. ताकद लावणारा दहा मिनिटांत थकतो.

पण खरं शिक्षण पायांत आहे. भीती वाटली की माणूस चवड्यावर उभा राहतो. इथे टाच उचलली की क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधलेल्या दातेरी सांगाड्याचे, पुढचे दोन दात बर्फातून निसटायला लागतात. टाच खाली आली की मागचे दातही टेकतात आणि थरथरणारी पिंढरी शांत होते. खालून प्रशिक्षक दिवसभर दोनच शब्द सांगत असतात : टाचा खाली.

(दृश्य : हातमोज्यांतले हात, स्क्रू, दोरीचा तुकडा)

इथे थोडं थांबू या. बावीस सेंटिमीटरचा पोकळ स्क्रू बर्फात तिरका फिरवायचा. काढायचा. थोड्या अंतरावरून दुसरा, असा की दोन्ही भोकं आत एकमेकांना भेटतील. मग तारेच्या आकड्याने दोरीचा तुकडा एका भोकातून आत घालून दुसऱ्यातून ओढून घ्यायचा आणि गाठ मारायची. याला अबालाकोव्ह म्हणतात, सोव्हिएत गिर्यारोहक विताली अबालाकोव्ह यांच्या नावावरून. खाली उतरण्याचा सगळा भार या दोरीवर. शेजारी एक जादा स्क्रू राखीव असतो. शेवटचा माणूस तो काढून घेतो आणि फक्त बर्फाच्या भरवशावर उतरतो. ही मुलगी चौथ्यांदा करते आहे. तीनदा भोकं भेटली नाहीत.

तिला घाई करायला कुणी सांगत नाही. पुढे तीस माणसांची जबाबदारी घेणाऱ्याला हा संथपणा कुठल्या वर्गात शिकवणार?

(दृश्य : व्हेमॉर्कचा पूल, खाली घळ)

हे व्हेमॉर्क. १९११ साली सुरू झालं, तेव्हा जगातलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र. जर्मनांच्या ताब्यात असताना इथे जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी, तयार व्हायचं, आणि अणुसंशोधनासाठी ते त्यांना हवं होतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्लायडरने पाठवलेले ब्रिटिश सैनिक इथवर पोहोचलेच नाहीत. अपघातातून वाचलेल्यांना जर्मनांनी ठार केलं. २७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नऊ नॉर्वेजियन आले. पुलावर पहारा होता, म्हणून ते घळीत उतरले आणि पलीकडचा उतार चढून गेले. एकही गोळी न झाडता त्यांनी जड पाण्याच्या टाक्या उडवल्या. त्यांच्यातल्या पाच जणांनी मग स्कीवरून सुमारे ४०० किलोमीटर कापून स्वीडन गाठलं. त्यांचा नेता योआकिम र्‍योनबर्ग तेव्हा २३ वर्षांचा होता.

पुलाच्या कठड्याशी उभे असलेले हे कॅडेट विशीच्या आसपासचे आहेत.

(दृश्य : क्रोसोबानेन या रोपवेचा पाळणा धुक्यातून वर येतो. पठारावर ऊन)

आठवड्यात पहिल्यांदाच अंगावर ऊन. समोर हार्डांगरविड्डा, ते नऊ जण ज्यावरून आले ते पठार.

स्कीच्या तळाला चिकटवतात ती पट्टी. नाव अजूनही 'कातडी', कारण पूर्वी ती सीलच्या कातडीची असायची. केस एकाच दिशेला, पुढे सरकतात, मागे अडतात. इथे टाच मोकळी. चढणीवर बूट पुढच्या टोकाशीच अडकलेला असतो आणि पाऊल उचलायचं नसतं, सरकवायचं असतं.

निघण्याआधी प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली दबलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ-यंत्र, तपासला जातो. आता सराव : बर्फात पुरलेली एक पिशवी, आत चालू ट्रान्सीव्हर. यंत्रावरचा बाण, अंतराचा आकडा, गुडघ्यावर बसून शोध, मग प्रोब, म्हणजे बर्फात खुपसायची लांब सळई. काही टोचल्यासारखं वाटलं की प्रोब तिथेच ठेवायचा, काढायचा नाही. पुढचा फावड्याने खणतो, मागचे बर्फ ढकलत नेतात. हिमस्खलनाखाली दबलेल्या माणसाकडे बहुधा पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात.

(दृश्य : चेहरे. निवेदन नाही. दहा सेकंद)

बाराही जणांनी मूळ कौशल्यं पूर्ण केली. एकाच्या दोन बोटांना हिमबाधेची सुरुवात झाली होती, तो शेवटचे दोन दिवस तळावर राहिला.

(दृश्य : शेवटचा दिवस. उडणारा भुरभुरीत बर्फ)

आज पुढे चालणारी तीच, अबालाकोव्हवाली. समोरचं टेकाड दिसतंय, तिथवर जायचं सकाळी ठरलं होतं. ती थांबते. नकाशा, घड्याळ, पुन्हा टेकाड. एक वाजून दहा मिनिटं. प्रशिक्षक मागे आहेत, काही बोलत नाहीत. ती काठीने परतीची दिशा दाखवते.

कातड्या निघतात, घडी होऊन जॅकेटच्या आत जातात. उतारासाठी टाचा बांधायच्या.

एकेक टाच खटकन बसते.