पाड्यापासून पडद्यापर्यंत

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि इगतपुरी हे तालुके पावसाळ्यात चिंब भिजतात आणि तरीही उन्हाळ्यात तेथील कितीतरी पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी बायकांना विहिरीचा तळ गाठावा लागतो. या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेचे कार्यालय बहुधा नाशिक शहरात असते, कार्यकर्ते डोंगरात असतात आणि देणगीदार मुंबई-पुण्यात किंवा परदेशात. या तिघांमध्ये माहिती किती लवकर आणि किती बिनचूक पोहोचते, यावर संस्थेचे बरेचसे काम अवलंबून असते.

आज बहुतेक संस्थांचा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतो. निरोप क्षणात पोहोचतो, हे खरेच. पण एखाद्या पाड्यावर टँकर आला नाही, हा सकाळचा निरोप दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो आणि महिन्याने अहवाल लिहिताना तो कोणालाही सापडत नाही. म्हणून निरोपासाठी ग्रुप आणि नोंदीसाठी सर्वांना उघडता येणारी गुगल शीट, अशी विभागणी आम्हाला अत्यावश्यक वाटते. प्रत्येक पाड्याची एक ओळ, त्यापुढे टँकरची तारीख, विहिरीतील पाण्याची स्थिती आणि नोंद करणाऱ्याचे नाव. कोणी आकडा बदलला तर आधीचा आकडा आवृत्तींच्या इतिहासात पाहता येतो. घाटात रेंज नसली तरी फाइल आधीच ऑफलाइन ठेवलेली असल्यास नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज मिळताच सर्वांना दिसू लागते.

नकाशाचेही तसेच आहे. 2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरील खुल्या नकाशावर कोणालाही भर घालता येते. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून तिथली राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते त्यावर रेखाटले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. पाड्याची पायवाट आणि विहीर नकाशावर आणण्यास मात्र तेथे रोज चालणारा कार्यकर्ताच हवा.

समाजमाध्यमांचा उपयोग वेगळा आहे. 2014 च्या उन्हाळ्यात अंगावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याच्या आव्हानातून एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतील एएलएस असोसिएशनला सुमारे 11.5 कोटी डॉलर मिळाले; पण अशा लाटेच्या भरवशावर छोट्या संस्थेने आपले वार्षिक अंदाजपत्रक बांधू नये. आलेल्या पैशातून कोणत्या विहिरीचा गाळ निघाला, हे दर महिन्याला फेसबुक पेजवर सांगणारी संस्था देणगीदाराचा विश्वास सावकाश, पण पक्का मिळवते.

छायाचित्रांबाबत मात्र फार जपावे लागते. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी देणगी मिळावी म्हणून एखाद्या लेकराचा रडवेला चेहरा जगापुढे मांडणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

आणखी एक साधी गोष्ट अनेकदा राहून जाते. पेज आणि शीट एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी खात्यावर उघडलेली असतात. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला की संस्थेच्या हाती काही उरत नाही. ही खाती संस्थेच्या ईमेलवर असावीत आणि किमान दोन जण ॲडमिन असावेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्त कार्यालयाला बदल अहवाल द्यावा लागतो. विश्वस्त बदलण्याचा ठराव होतो त्याच बैठकीत पासवर्ड बदलल्याची आणि नव्या ॲडमिनच्या नावांची नोंदही इतिवृत्तात घ्यावी.