समोर बघू नका, जरा बाजूला बघा

नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई ७९ वर्षांच्या, रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात ओट्यावर बसून असतात, आणि दोन वर्षांपूर्वी घरात एकच भांडण चालायचं की ह्यांना खरंच दिसत नाही की ह्या नाटक करतात. कारण काय, फरशीवर पडलेली सुई बरोब्बर उचलायच्या आणि दारात उभ्या सख्ख्या बहिणीला विचारायच्या, कोण हो आपण?

नाटक नव्हतं ते, मॅक्युलर डिजनरेशन होतं. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग, मॅक्युला, तो वयानं झिजतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्याच्यावर, आणि कडेची नजर मात्र शाबूत राहते. म्हणून तर सुई दिसली! आम्ही उगीच बोललो त्यांना, अजून वाईट वाटतं.

डॉक्टर म्हणाले कोरडा प्रकार आहे, गेलेली नजर परत नाही येणार. बस, एवढं ऐकून घरी आलो. उरलेली नजर वापरायला शिकवतात, त्याला लो व्हिजनचं ट्रेनिंग म्हणतात, हे आम्हाला वर्षभर कुणी सांगितलंच नाही हो.

मग एका ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणाऱ्या मुलीनं शिकवलं. म्हणाली, आजी, माझा चेहरा म्हणजे घड्याळ समजा, आता बारावर बघा, मग एकवर, मग दोनवर, आणि सांगा नाक कधी दिसतं. आईंना दोनवर बघितलं की दिसतं. रोज थोडा थोडा सराव, कंटाळा यायचा, चिडायच्या पण, दीड-दोन महिन्यांनी जमलं. आता माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाच्या वर बघतात, पाहुण्यांना वाटतं लक्षच नाही ह्यांचं, तर तसं नाही, तेव्हाच त्या नीट बघत असतात.

बाकी घरातलंच. दिवा छताला नको, पुस्तकाच्या अगदी जवळ, बाजूनं. पांढऱ्या ताटात भात दिसत नाही, गडद ताट घ्या. गॅसच्या बटणावर बंदच्या जागी मी जाड टिकली चिकटवलीय, बोटाला लागते. नव्या नोटांच्या कडेला उठावाच्या रेघा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच, भाजीवाल्याला आई स्वतः पैसे देतात.

आणि हो, ज्यांना हा आजार आहे त्यांनी एकेक डोळा झाकून बाथरूमच्या टाइल्सच्या रेघा बघत जा. अचानक वाकड्या, लाटांसारख्या दिसल्या तर ओला प्रकार, म्हणजे पडद्याखालच्या रक्तवाहिन्या गळतात तो, सुरू झालेला असू शकतो, त्याला इंजेक्शन आहे पण उशीर झाला की नुकसान, तेव्हा त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

एक गोष्ट आईंनी सहा महिने लपवली. त्यांना माणसं दिसायची, नसलेली. वेड लागलं समजतील म्हणून गप्प. अहो, नजर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं भरतो, स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने या शास्त्रज्ञांनी १७६० मध्येच आपल्या आजोबांचं असं लिहून ठेवलंय, त्यांचंच नाव आहे ह्याला. डॉक्टरांना सांगायचं जरूर, पण हे वेड नाही.

आता आई मोकळेपणानं सांगतात. परवा पोहे खाता खाता म्हणाल्या, तो होळकरी पगडीवाला आलाय बघ पडद्यापाशी, बोलत काही नाही मेला, नुसता उभा राहतो.