गिरणगावची रेघ आणि मालवणचं नाव

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘दक्षिण मध्य मुंबई मतदारसंघ’ आणि व्याख्यान आहे मालवणात. येताना एकाने विचारलंच, मुंबईच्या मतदारसंघाचं इथे काय काम? तो मतदारसंघ आपलाच होता म्हणून. लालबाग, परळ, शिवडी, वरळी. या सभागृहात असं कोण आहे, ज्याच्या घरातलं एकही माणूस तिथल्या गिरणीत, गोदीत किंवा खानावळीत राबलं नाही? इकडे मनिऑर्डरीची वाट बघणारी आजी आणि तिकडे पाळीप्रमाणे एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारे गाववाले, हा एकच संसार होता.

१९८४ ची निवडणूक आठवा. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसच्या. राहिल्या पाच. त्यातली एक बारामती, एक औरंगाबाद. उरलेल्या तीन कोणत्या? राजापूरला मधु दंडवते, कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, दि. बा. पाटील आणि दक्षिण मध्य मुंबईत डॉक्टर दत्ता सामंत. डॉक्टर कुठले? इथून तारकर्लीच्या पुढे, देवबागचे! त्यांच्याच नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला, लांबला, मोडला. किती जण पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले, ते तुमच्या वाडीवाडीला ठाऊक आहे. तरी मागे राहिलेल्यांनी त्या लाटेत डॉक्टरांना दिल्लीला पाठवलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पुढे १९८९ ला शिवसेनेचे वामनराव महाडिक आले, आणि १९९१ पासून २००४ पर्यंत सलग पाच वेळा मोहन रावले. पक्ष बदलला, पण मतदार तोच, चाळीतला.

आता आमच्या दादांचं सांगतो, मग नकाशाकडे वळू.

दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, वय ७१. वडील गिरणीत, हे स्वतः गोदीत. शिवडीची चाळ पुनर्विकासाला गेली, नव्या इमारतीत खोली मिळेल या आशेवर ते विरारला मुलाकडे राहतात. २०२४ ला आपल्या जिल्ह्याचं मतदान ७ मेला झालं, मुंबईचं २० मेला. आता मे महिन्यात चाकरमानी कुठे असतो? आंबे उतरवायला, घर शाकारायला, लग्नाकार्याला गावात! दादाही होते. पण मत शिवडीचं. १८ तारखेला म्हणाले, “मी जातंय.” आरक्षण मिळालं नाही, तर कुडाळला तुतारी एक्सप्रेसच्या साध्या डब्यात चढले. पहाटे दादरला उतरले, दुसऱ्या दिवशी केंद्रावर रांगेत दोन तास उभे राहिले. यादीत नाव नाही. चाळ पाडली, तिथे कोणी राहत नाही, म्हणून नाव वगळलेलं. नोटीस कुठल्या पत्त्यावर गेली असेल? पाडलेल्या चाळीच्या? संध्याकाळी मला फोन केला. एवढंच म्हणाले, “माजा नाव खंय गेला?” १९७५ च्या आसपास गोदीत लागलेला, एकही मतदान न चुकवलेला माणूस. मला त्या रात्री झोप आली नाही. आजही तो आवाज कानात आहे, आणि म्हणून मी हे व्याख्यान मागून घेतलं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. नकाशा भराभर सांगतो.

२००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, २००१ च्या जनगणनेवर. राज्याच्या ४८ जागा तेवढ्याच राहिल्या, आतल्या रेघा सरकल्या. माणसं उपनगरात गेली म्हणून मुंबई शहर जिल्ह्यात विधानसभेच्या फक्त १० जागा उरल्या, उपनगर जिल्ह्यात २६ झाल्या. ‘दक्षिण मध्य’ हे नाव राहिलं, पण आत आले धारावी, माहीम, वडाळा, सायन-कोळीवाडा, चेंबूर, अणुशक्तीनगर. वरळी, शिवडी, भायखळा गेले दक्षिण मुंबईत, मलबार हिल आणि कुलाब्याच्या जोडीला. २००९ ला तिथे रावले तिसरे आले. मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे, आणि मिलिंद देवरा जिंकले. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज पहिल्याहून जास्त होती.

त्याच फेररचनेत इकडे काय झालं? रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागांच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चाराच्या तीन. नाथ पै आणि दंडवत्यांचं राजापूर लोकसभेच्या यादीतून गेलं. दापोली, गुहागर रायगडला जोडले. आणि मालवण? मालवण नावाचा विधानसभा मतदारसंघच उरला नाही, तुम्ही कुडाळात! कारण एकच. आपली माणसं मुंबईला गेली म्हणून इथल्या जागा घटल्या, आणि तीच माणसं परळहून विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली म्हणून तिथली रेघ सरकली. २००१ ते २०११ मध्ये आपल्या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आणखी कमीच झाली, तेव्हा पुढच्या वेळीही धोका आहेच.

कायदा सांगतो, माणूस एकाच ठिकाणी मतदार, जिथे तो सामान्यतः राहतो तिथे. गावात घर आहे एवढ्यावर नाव लागत नाही. ते मला मान्य आहे. पण फेररचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. अंतिम आदेश निघाल्यावर कोर्टात सहसा दाद मागता येत नाही. म्हणून सुनावणीला मालवणातून माणसं गेली पाहिजेत, हातात नकाशा घेऊन. ग्रामपंचायतींनी ठराव आत्ताच करावेत. आणि गणपतीला चाकरमानी येतील, तेव्हा आरतीनंतर प्रत्येकाला विचारा, यादीत नाव बघितलंस का?

दादांनी नमुना ६, म्हणजे यादीत नाव नोंदवण्याचा अर्ज, भरला आहे. पत्ता विरारचा, म्हणजे मतदारसंघ पालघर.