दोनशे रुपयांचा करार

(दृश्य : सकाळचं लोकल स्थानक, कार्यालयांकडे निघालेली गर्दी)

महाराष्ट्रात पगारावर काम करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये कापले जातात. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. पगारपत्रकावर त्यापुढे ‘व्यवसाय कर’ असं छापलेलं असतं, बोलताना सगळे त्याला पी. टी. म्हणतात. प्राप्तिकरावर घरोघरी चर्चा होते, जीएसटीवर होते. या कपातीबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही.

हा कर १९७५ साली आला, आणि तो कशासाठी घ्यायचा हे ठरवूनच आला. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांनी तो भरायचा आणि त्यातून खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम मिळायचं.

ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेऊन नाही त्याला द्यावं का? द्यायचं तर पैसे द्यावेत की काम? आज लाडकी बहीण योजनेच्या १५०० रुपयांवरून पारावर आणि कार्यालयात जी भांडणं होतात, त्यांच्या तळाशी हेच प्रश्न आहेत. महाराष्ट्राने हा वाद याआधी एकदा घातलाय, तोही पोटाला चिमटा बसलेला असताना, आणि त्याचं उत्तर कायद्यात लिहिलंय. आज वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी ते उत्तर वाचायला हवं.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. खडी फोडणाऱ्या बायका, कोरडी विहीर)

१९७२. आधीची दोन वर्षंही पावसाने नीट साथ दिलेली नव्हती. या वर्षी मराठवाडा, सोलापूर, नगर आणि सांगली-साताऱ्याचा पूर्व पट्टा पुरता होरपळला. पिकं गेली, विहिरींनी तळ गाठला, जनावरं मिळेल त्या भावाला विकली गेली. ज्यांच्या नावावर पाच-दहा एकर जमीन होती, तीही घरं खडी फोडायला रस्त्यावर उतरली. परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, ही त्या पिढीची आठवण आजही कुणाही म्हाताऱ्या माणसाकडे निघते.

मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते. सरकारने मुख्य भर ठेवला तो कामावर आणि मजुरीवर. मजुरीच्या पैशातून लोकांनी धान्य घेतलं. हाल फार झाले, पण पीक ज्या प्रमाणात बुडालं त्या प्रमाणात माणसं दगावली नाहीत. कामं मिळाली तीही आपसूक नाही. काम काढा, मजुरी वेळेवर द्या, मोजमापात फसवू नका, म्हणून लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट अशा पक्षांच्या झेंड्यांखाली तालुक्या-तालुक्यात मोर्चे निघाले.

काम देण्याची कल्पना मात्र दुष्काळाच्या आधीची आहे. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले स्वातंत्र्यसैनिक, पुढे विधान परिषदेचे सभापती झाले. १९६५ साली त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला. गावात ज्याला काम हवं त्याला ते द्यायचं आणि त्या श्रमातून गावाची जमीन, पाणी सुधारायचं. ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली. दुष्काळ आला तेव्हा सरकारच्या हाताशी ती तयार होती.

त्याच सुमारास पुण्यात, १९७१ मध्ये, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण उत्पन्न वाढलं की त्यातलं काही आपोआप तळापर्यंत झिरपेल, या आशेवर गरिबांना थांबवून ठेवता येणार नाही, असं त्यांनी आकडे मांडून दाखवलं. सार्वजनिक कामं काढा, आणि त्यांचा खर्च वरच्या थरातल्या लोकांनी आपला उपभोग थोडा आवरून सोसावा. वरच्या थराने सोसावा, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे लोक तेव्हाही थोडेच होते.

(दृश्य : मुंबईतलं विधान भवन)

मग प्रश्न आला पैशाचा. व्यवसाय कर आला. जोडीला विक्रीकरावर आणि मोटारगाड्यांच्या करावर अधिभार, बागायती जमिनीवर उपकर. रोजगार हमी निधी उभा राहिला, आणि करातून जेवढं येईल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं.

मुंबईने हे का मान्य केलं? सगळं चांगुलपणातून घडलं असं मी म्हणणार नाही. दुष्काळात मराठवाड्यातली, नगरची कुटुंबं मुंबईच्या पदपथांवर येत होती. गावात काम मिळालं तर शहरावरचा भार कमी होईल, हा हिशेब होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायतदाराला मजूर गावाच्या आसपास राहायला हवे होते, सत्ताधारी पक्षाला खेड्यातली मतं. असे वेगवेगळे स्वार्थ एका ठिकाणी येऊन मिळाले आणि त्यातून एक न्याय्य कायदा झाला. मला यात कमीपणा वाटत नाही. केवळ दयेवर उभा राहिलेला कायदा इतकी वर्षं टिकला नसता.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने १९७७ मध्ये मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर १५ दिवसांत ते द्यायचं. देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. बाईला आणि पुरुषाला एकच दर. वर्षात किती दिवस काम मागावं, याला मर्यादा नाही. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राने आपल्यापुरता त्याला कायद्याचा आधार दिला.

(दृश्य : तलावाचं काम. पुरुष खणतायत, बायका पाट्या वाहतायत)

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, इथे कुणाला आपण गरीब आहोत हे सिद्ध करावं लागत नव्हतं. दारिद्र्यरेषेचा दाखला नाही, उत्पन्नाचा नाही, तलाठ्याच्या आणि तहसीलच्या फेऱ्या नाहीत, सरपंचाची मर्जी नाही. मे महिन्याच्या उन्हात टिकाव मारायची तयारी, एवढाच निकष. ज्याला गरज नाही तो त्या उन्हात येणारच नाही. मदत योग्य माणसाला मिळते का, या प्रश्नावर इतकं साधं उत्तर आपल्याकडे फार कमी योजनांना सापडलंय.

आणि बायका आल्या. मोठ्या संख्येने आल्या. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, घरची जमीन सासऱ्याच्या नावावर असलेल्या. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि मजुरी त्यांच्या हातात येत होती. शेतावर बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी असणं ही त्या काळची सर्रास रीत. शेजारच्या बंधाऱ्यावर सारखा दर मिळायला लागला की मालकाशी बोलायची तिची भाषा बदलते. ‘रोहयोमुळे (रोजगार हमी योजनेमुळे) मजूर मिळत नाहीत’ ही शेतकऱ्यांची तक्रार तेव्हापासूनची आहे. लहान शेतकऱ्याची त्यातली अडचण खरी आहे, त्याच्या मालाला भाव मिळत नाही आणि मजुरी वाढते. पण मजुराने कायम गरजू राहावं म्हणजे शेती चालेल, हे त्याचं उत्तर असू शकत नाही.

आता दुसरी बाजू. कर भरणारा विचारतो, माझ्या पैशाचं काय झालं? त्याला हे विचारायचा पूर्ण अधिकार आहे, आणि उत्तर अवघड आहे.

बोगस मस्टर निघाली. कामावर नसलेल्यांच्या नावाने मजुरी उचलली गेली. मोजमापात मजुरांची फसवणूक झाली. नुसत्या मातीचे रस्ते एका पावसाळ्यात वाहून गेले. जे टिकलं त्याचा लाभ बहुतेकदा जमीनवाल्याला झाला. पाझर तलाव भूमिहीनाने खणला, पाणी वाढलं ते तलावाखालच्या विहिरीत. १९९० पासून रोहयोच्या पैशातून फळबागा लावण्याची योजना आली. कोकणात आंबा-काजू, माणदेशात डाळिंब-बोर उभं राहिलं, कोरडवाहू भागात पैसा आला. ते चांगलंच झालं, पण फळबाग लावायला आधी जमीन लागते.

१९८८ मध्ये किमान मजुरी दुप्पट झाली आणि रोहयोलाही तोच दर लागू झाला. मजुराचा तो विजय होता. मात्र त्यानंतर कामं काढण्यात हात आखडला. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळातल्या उपस्थितीचे आकडे तपासून दाखवलं की, मजुरी वाढल्यानंतर मागेल त्याला काम ही स्थिती उरली नाही, कामाचं रेशनिंग सुरू झालं. दर वाढवला, हमी पातळ केली. दुसरीकडे व्यवसाय कराचं उत्पन्न वाढत होतं आणि रोहयोवरचा खर्च त्या मानाने मागे राहत होता. गरिबाच्या नावाने घेतलेला पैसा गरिबापर्यंत पूर्ण गेला नाही. पगारातून कर देणाऱ्याचा आणि काम मागणाऱ्याचा, दोघांचाही हा विश्वासघात होता असं मी म्हणेन.

(दृश्य : दिवाळीनंतरचा रस्ता. संसार लादलेले ट्रक, ट्रॅक्टर)

बीड जिल्हा पाहा. दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामाला इथून लाखो माणसं कोयता घेऊन निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघं मिळून एक ‘कोयता’ म्हणून राबतात. मुलांची शाळा मध्येच सुटते. कामाची हमी कायद्यात असलेल्या राज्यात हे चाललंय. कारण उचल हातात एकरकमी पडते, आणि रोहयोची मजुरी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. काम मागायला नमुना ४ भरायचा असतो, त्याची पोच द्यायला टाळाटाळ होते. पोच नसली की १५ दिवस मोजायचे कुठून? बेकारी भत्त्याचं कलम असं कागदावरच राहतं.

२००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. महाराष्ट्राचा अनुभव त्यामागे होता. तिथे हमी झाली कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची, आणि मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. इकडे व्यवसाय कर चालूच राहिला, पण भरणाऱ्याच्या मनात त्याचा आणि बंधाऱ्यावरच्या मजुराचा संबंध उरला नाही.

त्यात तो कर स्वतःच विचित्र झालाय. घटनेच्या २७६ व्या कलमात या कराला कमाल मर्यादा आहे. आधी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५०० झाली आणि तिथेच थांबली. १९८८ मध्ये २५०० ही कारकुनाच्या पगाराच्या मानाने भरघोस रक्कम होती. आज महिना १२ हजार कमावणारा सुरक्षारक्षक वर्षाला २५०० भरतो आणि महिना १२ लाख कमावणारा संचालकही २५००च भरतो. पहिल्याच्या कमाईचा हा साधारण पावणेदोन टक्के भाग आहे. दुसऱ्याच्या बाबतीत हेच प्रमाण त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढं आहे. २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत कमावणाऱ्या स्त्रियांना या करातून सूट मिळाली, ते योग्यच झालं. पुरुष सुरक्षारक्षक मात्र तिथेच आहे.

‘आमच्या करावर हे लोक जगतात’ असं म्हटलं जातं, तेव्हा मला हा सुरक्षारक्षक आठवतो. आणि ती ऊसतोड बाईही आठवते, जी साबण घेते, बिस्किटाचा पुडा घेते आणि प्रत्येक वेळी त्यातला कर भरते. करदाते आणि लाभार्थी अशी दोन वेगळी गावं महाराष्ट्रात नाहीत.

लाडकी बहीण योजनेला माझा विरोध नाही. म्हातारी, अपंग, अंथरुणाला खिळलेली माणसं टिकाव मारू शकत नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांसाठी १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे आणि ती अधिक सढळ व्हायला हवी. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईच्या खात्यात तिच्या नावाने पैसे येणं, यातही मोल आहे. माझी काळजी वेगळी आहे. शासन निर्णयाने सुरू झालेली योजना शासन निर्णयाने बदलता येते, निकष घट्ट करता येतात, नावं वगळता येतात, आणि वगळलेल्या बाईकडे कायद्यातलं बोट ठेवायला कलम नसतं. शिवाय हे पैसे कुणाकडून घ्यायचे, याचा वाद विधिमंडळात मन लावून झालाच नाही. १९७५ साली तो आधी झाला होता.

(दृश्य : ग्रामपंचायत कार्यालयाचा फलक)

म्हणून मागणी अशी. व्यवसाय करातून दरवर्षी किती आले आणि त्यातले कामाच्या हमीवर किती खर्च झाले, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं आणि कापणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या कर्मचाऱ्यालाही कळवावं. काम मागणाऱ्याला तारखेसह पोच मिळावी, आणि १५ दिवस उलटले की भत्ता त्याने न मागता खात्यात यावा. कर उत्पन्नाप्रमाणे चढता असावा, खालच्यांना सूट आणि वरच्यांना जास्त दर. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी राज्याचे हात बांधलेले आहेत, वरचा दर वाढवायचा तर २७६ वं कलम संसदेतच दुरुस्त व्हावं लागेल. १९८८ मध्ये ते झालं होतं. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत. त्यातला जो कुणी तुमच्या मतदारसंघाचा असेल, त्याला हे विचारा.