आधी नेक, मग नाव: २५ हजारांतली इलेक्ट्रिक गिटार

(दृश्य: वाशीतलं वाद्यांचं दुकान. भिंतीवर ओळीनं टांगलेल्या गिटारी. एक हात त्यांतली एक उतरवतो आणि डोळ्यासमोर आडवी धरतो.)

नेम धरावा तशी गिटार डोळ्यासमोर धरली की नेकचं, म्हणजे गिटारच्या लांब मानेचं, सगळं बिंग फुटतं. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाच्या बाजूनं ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिकडे बघा. नेकच्या दोन्ही कडा एका पातळीत बॉडीपर्यंत गेल्या पाहिजेत. एक कड वर आणि दुसरी खाली गेलेली दिसली, तर नेकला पीळ पडलाय. अशी गिटार लगेच परत टांगायला द्या, रंग कितीही आवडलेला असो. पीळ काढायचं काम एवढं खर्चिक की या किमतीच्या गिटारला ते परवडत नाही.

२० ते ३० हजारांत आज खरोखर चांगली इलेक्ट्रिक गिटार मिळते. पण एकाच कारखान्यातून आलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या नसतात. बॉडी आणि नेक मशीन कापतं. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासून एका पातळीत आणणं, त्यांची टोकं गुळगुळीत करणं, तारा वरच्या टोकाला टेकतात त्या नट नावाच्या पट्टीच्या खाचा नेमक्या खोलीच्या करणं, ही मात्र वेळखाऊ कामं. किंमत खाली आणायची तर पहिली कात्री याच वेळेला लागते. घरबसल्या मॉडेल ठरवा, पण गिटार ठरवायला ठाण्याच्या किंवा वाशीच्या दुकानात जा, आणि तिथे तीन-चारच टांगलेल्या असतील तर मुंबईत धोबीतलावापर्यंत जायची तयारी ठेवा.

(दृश्य: जवळून. जाड तार दोन ठिकाणी दाबलेली. मधल्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकतं.)

पीळ नसला तरी नेकला लांबीत अगदी हलका बाक हवा. वाजलेली तार मध्यभागी जास्त झुलते, तिला तिथे जागा लागते. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि दुसऱ्या हातानं नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसायला हवी. पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच. फट अजिबात नसेल तर सुरुवातीच्या फ्रेटांवर तार झणझणते. जास्त असेल तर मधल्या फ्रेटांवर तारा उंच राहतात आणि बोटं दुखतात.

हे दोन्ही दोष ट्रस रॉडनं सुधारतात. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत बसवलेली लोखंडी सळई. दुकानातल्या माणसाला अ‍ॅलन की (षटकोनी चावी) लावून पाव फेरा फिरवायला सांगा आणि फट बदलते का ते तुमच्यासमोर बघा. रॉड फिरतच नसेल किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर ती गिटार घेऊ नका. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. खाडीकाठच्या हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाकूड दमट होतं आणि हिवाळ्यात सुकतं. नेक दर मोसमात थोडी हलणारच. तिला जागेवर आणायचं साधन म्हणजे हा रॉड.

आता फ्रेट. सतारीचा पडदा सरकवून सूर जुळवता येतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकलेला असतो, तो जसा बसला तसा बसला. जुनं डेबिट कार्ड घ्या आणि त्याची सरळ कड एका वेळी तीन फ्रेटांवर उभी टेकवा. सुरुवातीच्या फ्रेटांवर लांब कड, दहाव्याच्या आसपास आखूड. कार्ड टकटक डुललं तर मधला फ्रेट उंच आहे. एखादा फ्रेट किंचित उंच असेल तर कारागीर तो घासून देतो. पाच-सहा ठिकाणी कार्ड डुललं तर दुसरी गिटार मागा.

कार्डातून सुटलेला दोष बेंड करताना, म्हणजे दाबलेली तार आडवी ओढून सूर चढवताना, सापडतो. बाराव्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकेका फ्रेटवर पहिली आणि दुसरी तार पूर्ण एक स्वर वर ओढा. सूर मध्येच गुदमरून मेला, तर पुढचा एखादा फ्रेट उंच आहे किंवा तारा फारच खाली ठेवल्यात. आधी ब्रिजवरून तारा थोड्या वर घ्यायला सांगा. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीड मिलिमीटर अंतर ठेवूनही सूर मरत असेल, तर दोष फ्रेटांचा. शेवटी तळवा नेकच्या कडेवरून खालपासून वर फिरवा. फ्रेटची टोकं कातडीला ओरखडा काढतात का, ते हातालाच कळेल.

(दृश्य: नटचा क्लोज-अप. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबलेली, पहिल्या फ्रेटवर केसभर फट.)

नट ही हेडस्टॉकपाशी बसवलेली छोटी पांढरी किंवा काळी पट्टी. शिकाऊ मुलांचा एफ कॉर्ड वाजत नाही, तेव्हा बोटांत जोर नाही असं सांगितलं जातं. कित्येकदा चूक या पट्टीची असते. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा. तिथे केसभरच फट हवी. जास्त असेल तर खाच उथळ कोरलीय. पहिल्या दोन फ्रेटांवर तार दाबायला जड जाते आणि दाबली की सूर चढतो. हे काम खाचेच्या मापाच्या कानशीनं नीट होतं, म्हणून एवढ्यावरून गिटार नाकारू नका. सुरात लावताना तार टक् आवाज करत उडी मारते, तेव्हा ती खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा भागतं.

मग ट्यूनर लावून सूर जुळवा, पाच मिनिटं जोरात वाजवा, बेंड करा आणि पुन्हा तपासा. नव्या तारा ताणल्या जाईपर्यंत उतरतात, तेवढी सूट द्या. बारावा फ्रेट दाबून येणारा सूर आणि त्याच जागी तारेला नुसतं बोट टेकवून येणारा हार्मोनिक एकच हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे ती तार टेकते तो छोटा तुकडा, मागे न्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. सॅडलला त्या दिशेनं जागा उरलीय ना, एवढं बघा. या बजेटमध्ये दोन्ही टोकांना लॉक होणारा तरंगता ट्रेमोलो, म्हणजे दांड्यानं सूर हलवणारा ब्रिज, मात्र टाळा. तो ज्या धारेवर डोलतो तिचा धातू स्वस्तात मऊ येतो आणि झिजतो, सूर जागेवर परत येत नाही. शिवाय एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात.

(दृश्य: केबल जॅकमध्ये खट्कन बसते. अ‍ॅम्पचा लाल दिवा लागतो.)

आता अ‍ॅम्पला जोडा, डिस्टॉर्शन बंद ठेवून. पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारी, तारांखालची चुंबकी कॉइल. कोणता पिकअप वाजेल ते ठरवणाऱ्या सिलेक्टरच्या प्रत्येक जागेवर आवाज आला पाहिजे. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर पकडतो. तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. हंबकर या दुसऱ्या जातीच्या पिकअपमध्ये दोन कॉइल उलट जोडून ती घरघर मारलेली असते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी व्हायला हवी. वाढली, तर ब्रिजला जाणारी अर्थची वायर तुटलीय किंवा चुकीची जोडलीय. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅक आवळणारी चाकी ढिली असते किंवा आतला सोल्डरचा डाग सुटलेला. या दुरुस्त्या स्वस्तात होतात, त्यांवर भाव कमी करून मागा.

आकाराबद्दल. ठाणे-वाशी लोकलनं क्लासला जाणाऱ्यानं लेस पॉल घाटाची गिटार घेण्याआधी एकदा विचार करावा. तिचं वजन ४ किलोच्या आसपास जाऊ शकतं आणि हेडस्टॉक मागे कललेला असतो. गिटार मागच्या बाजूवर पडली तर धक्का नेमका त्या कोनात बसतो आणि नेक तिथेच मोडते. स्ट्रॅटोकास्टर घाटात हेडस्टॉक नेकच्या रेषेतच असतो, तो जास्त सोसतो. १९५४ साली आलेली ही रचना मुळातच कारखान्यात भराभर जोडता यावी अशी आहे, नेक चार स्क्रूंनी बसते. त्यामुळे स्वस्तात बनवली तरी तिचं फारसं नुकसान होत नाही. चिकटवलेली नेक आणि घुमटाकार टॉप स्वस्तात नीट करणं जास्त कठीण. लेस पॉलच्या बाजूनं एक गोष्ट आहे. तिच्या तारेची लांबी ६२८ मिलिमीटर, स्ट्रॅटची ६४८. त्याच तारा लेस पॉलवर मऊ लागतात, लहान हाताला ते बरं पडतं.

पहिली गिटार घेणाऱ्यानं यामाहा पॅसिफिका ११२ आधी वाजवून बघावी. ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असल्यानं भावगीताच्या मागच्या स्वच्छ कॉर्डपासून जड रॉकपर्यंत सगळं तिच्यावर निघतं. स्क्वायर अ‍ॅफिनिटी, कोर्ट (Cort) कंपनीची ‘G’ मालिका, आयबानेझची जिओ, यांतलीही एखादी हाताला जास्त लागू शकते. जी वरच्या चाचण्यांत पास होईल ती.

सेकंडहँड घेतलीत तर याच पैशांत एक पायरी वरची मिळते. पहिल्या तीन फ्रेटांवर बारीक तारांखाली खड्डे पडलेत का, नखानं चाचपा. सॅडलचे स्क्रू अ‍ॅलन कीनं फिरवून बघा. बंद बॅगेत दोन पावसाळे काढलेल्या गिटारचे स्क्रू गंजून जाम झालेले असतात.

सगळे पैसे गिटारवर घालू नका. हातात ३० हजार असतील तर २०-२२ गिटारला, ५-६ हेडफोनचं भोक असलेल्या छोट्या अ‍ॅम्पला, कारण वन बीएचकेमध्ये रात्री दहानंतर तोच एक मार्ग. उरलेल्यात केबल, जाड अस्तराची बॅग, ०.००९ इंचापासून सुरू होणाऱ्या तारांचे दोन संच आणि एका चांगल्या कारागिराकडून सेटअप, म्हणजे नेक, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं. अ‍ॅम्पची अर्थची पिन कधीही कापू नका. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं थांबवा, अ‍ॅम्पचं स्विच बंद करा आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

(दृश्य: काउंटर. दुकानदार आतून सीलबंद खोका आणतो.)

इतका वेळ तपासून पसंत केलेली गिटार भिंतीवर राहते आणि आतून तेच मॉडेल, तोच रंग, कोरा खोका येतो. नव्या मालाचा मान म्हणून दुकानदार तो देतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण त्या खोक्यातली नेक अजून कुणी डोळ्यासमोर धरलेली नाही. हातात घेऊन जी तपासली तीच मागा. तिच्यावर बारीक ओरखडा असेल तर थोडी सूट मागा. अ‍ॅलन की आणि ट्रेमोलोचा दांडा त्या खोक्यातून काढून घ्या, आणि बिलावर तपासलेल्या गिटारचाच सिरियल नंबर लिहून घ्या.