आडनाव नसलेलं कार्ड

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर सरत आला की मला एका पत्र्याच्या डबीची आठवण येते. हिरव्या रंगाची, कोपऱ्यांना गंज धरलेली. आत जाड कागदाची कार्डं, पोस्टकार्डापेक्षा जरा लहान, आणि एकेका कार्डावर एकेक पदार्थ. डबी माझी नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलला आम्ही ११ वर्षं राहिलो. तिथल्या आमच्या शेजारणीची ती डबी. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी ‘मिस’ लावतात, मग तिला पतवंडं का असेनात. मी मात्र त्यांना आजी म्हणू लागले, आणि तो शब्द त्यांनी आनंदाने स्वीकारला.

ख्रिसमसच्या पंधरा दिवस आधी ती डबी फळीवरून खाली यायची. त्यांचा एक आडाखा होता: जे कार्ड सगळ्यांत कळकट, तो पदार्थ सगळ्यांत चांगला. सर्वांत तेलकट कार्ड होतं ‘ड्रेसिंग’चं. हे सॅलडवर ओतायचं ड्रेसिंग नव्हे. मक्याच्या पावाचा हा पदार्थ, आणि तो नसेल तर दक्षिणेत त्या दिवशीचं जेवण झालं असं कुणी मानत नाही. इतर ठिकाणी असं मिश्रण टर्कीच्या पोटात भरून भाजतात. इथे ते वेगळ्या भांड्यात भाजतात, आणि या फरकाबद्दल माणसं फार हळवी असतात.

आदल्या दिवशी मक्याचा पाव करायचा. त्यासाठी बिडाचं जड पसरट भांडं लागतं, आपल्या बिडाच्या तव्याचं सख्खं भावंड. ते चरबी घालून भट्टीत सणसणीत तापवायचं आणि मक्याचं पांढरं पीठ, ताक, अंडं यांचं सरसरीत मिश्रण त्यात ओतायचं. चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर आजी मान हलवायच्या: खालचा पापुद्रा आता नीट धरणार नाही. या पावात साखर अजिबात नाही. साखर घातली की तो केक झाला, असं त्या निक्षून सांगत. रात्रभर पाव शिळा होऊ द्यायचा. सकाळी हाताने कुस्करायचा, लोण्यात परतलेला कांदा आणि सेलरी घालायची, सेज नावाचा उग्र वासाचा वाळलेला पाला चुरून टाकायचा, अंडी घालायची आणि कोंबडी शिजवलेलं गरम पाणी. किती पाणी? कार्डावर एकच शब्द होता, ‘पुरेसं’. पीठ ‘मावेल तेवढं’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मला त्याचं नवल वाटलं नाही. मी त्यांच्या शेजारी उभी राहून त्या लगद्यात हात घातला, तेव्हा पुरेसं म्हणजे किती ते कळलं. शिऱ्यापेक्षा सैल, लापशीपेक्षा घट्ट.

दुसरं कार्ड लेन केकचं. त्याचा तर जन्मदाखलाच उपलब्ध आहे. अलाबामातल्या क्लेटन गावच्या एमा रायलँडर लेन यांनी जॉर्जियातल्या कोलंबसच्या जत्रेत या केकवर बक्षीस मिळवलं आणि १८९८ साली आपल्या पाककृतींच्या पुस्तकात तो छापला. रचना किती शहाणपणाची बघा: ८ अंड्यांचा पांढरा भाग केकच्या थरांत, आणि त्याच ८ अंड्यांचा पिवळा बलक लोणी, साखर, मनुका आणि व्हिस्की यांच्याबरोबर शिजवून मधल्या सारणात. काहीच वाया नाही. खोबरं आणि पेकन, म्हणजे अक्रोडासारखा दिसणारा तिकडचा सुकामेवा, पुढे कुणीकुणी त्यात घालू लागलं. चर्चमुळे दारू वर्ज्य असलेल्या घरांत व्हिस्कीऐवजी द्राक्षांचा रस जातो. आजींच्या कार्डावर मात्र व्हिस्कीच होती, खाली दुहेरी रेघ मारलेली. हा केक आधी करून मुरू द्यावा लागतो. २०१६ साली अलाबामाने त्याला राज्याचा अधिकृत गोड पदार्थ ठरवलं, तेव्हा आजींना घरातल्या मुलीचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं.

आणि तिसरं, माझं सर्वांत लाडकं, अँब्रोझिया. मोठ्या काचेच्या भांड्यात सोललेल्या संत्र्यांचा थर, त्यावर ओल्या नारळाचा चव, थोडी साखर, पुन्हा संत्री, पुन्हा खोबरं. बस्स. उत्तर कॅरोलायनातल्या एका बाईंनी १८६७ साली छापलेल्या पुस्तकात तो असाच आहे. पुढे डब्यातला अननस, पाकातल्या चेरी, मार्शमेलो अशी भरताड त्यात शिरली. आजींना ती खपत नसे आणि मलाही खपत नाही. त्या काळी संत्रं म्हणजे चैन होती. फ्लोरिडाची संत्री थंडीत आगगाडीने यायची, नारळ कॅरिबियन बेटांवरून जहाजाने. ख्रिसमसच्या सकाळी मुलांच्या मोज्यात एक संत्रं मिळायचं आणि ते मूल दिवसभर त्याचा वास घेत फिरायचं, असं आजी सांगायच्या.

पण नारळ हे मोठं दुखणं होतं. खिळा ठोकून पाणी काढायचं, करवंटी सुटावी म्हणून नारळ भट्टीत तापवायचा, हातोडीने फोडायचा, वरची तपकिरी साल तासायची आणि मग हातातल्या किसणीवर किसायचं. त्या घरातल्या प्रत्येकाकडे बोटांची सालटं निघाल्याची गोष्ट होती. दुसऱ्या वर्षी मी घरून विळी घेऊन गेले. आजींच्या स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, एक पाय दुमडून बसले, नारळ दोन घावांत फोडला आणि खवायला लागले. घरातली झाडून सगळी माणसं दारात गोळा झाली. पांढराशुभ्र चव भुरभुर पडताना बघून आजी म्हणाल्या, “माझ्या आईला हे दाखवायला हवं होतं.” पुढची नऊ वर्षं त्या घरचा ख्रिसमसचा नारळ माझ्याकडेच होता. आता डिसेंबरात नागपुरी संत्री आली की मी इथे अँब्रोझिया करते. श्रोतेहो, तुम्हीही करून बघा. संत्र्याची पांढरी साल आणि बिया निगुतीने काढा आणि भांडं चार तास थंड राहू द्या.

आता मला ज्या कार्डाविषयी खरं बोलायचं आहे, तिकडे येते. ते होतं मऊ पावांचं. यीस्ट घालून फुगवलेले, लोणी लावून दुमडलेले, बोटांनी उलगडावेत असे छोटे पाव. कार्डाच्या डोक्यावर एका बाईचं नाव होतं आणि पुढे ‘चे पाव’. नुसतं पहिलं नाव. बाकी सगळ्या कार्डांवर पूर्ण नावं होती, अमुक मावशी, तमुक वहिनी, चर्चमधल्या या बाई. मी विचारलं, “या कोण?” आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे स्वयंपाकाला होती. मी जन्मले तेव्हापासून. मला भाजणं-रांधणं तिनेच शिकवलं.” आडनाव? त्यांना ते माहीत नव्हतं. त्या कृष्णवर्णीय बाईच्या हातचं आजींनी वीस वर्षं खाल्लं होतं.

मग मी वाचत गेले, आणि हे एका घरापुरतं नाही हे कळत गेलं. ख्रिसमसला दक्षिणेत पेकनचा ‘पाय’ हवाच, म्हणजे पिठाच्या पारीत पेकनचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ. पेकनच्या झाडावर कलम बांधून उत्तम जात तयार करणारा माळी १८४०च्या दशकात लुइझियानातल्या ओक अ‍ॅली मळ्यावर गुलाम होता. त्याचं नाव आंत्वान, नुसतं आंत्वान. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात त्याच्या झाडांची फळं नावाजली गेली आणि त्या जातीला नाव मिळालं ‘सेंटेनियल’. अ‍ॅबी फिशर या गुलामीत जन्मलेल्या, अलाबामातल्या मोबील गावी राहिलेल्या आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी आपल्या कृती तोंडी सांगितल्या, इतरांनी उतरवून घेतल्या आणि १८८१ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यावर त्यांचं नाव आहे. पाककृतींची पुस्तकं लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय बल्लवाचार्या एड्ना लुइस व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन या वस्तीत वाढल्या. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी वसवलेली ती वस्ती, त्यांचे आजोबा त्यांतलेच एक. घरात मापाचे चमचे नव्हते, बेकिंग पावडर नाण्यांवर घेऊन मोजायची. २०१४ साली त्यांच्या चेहऱ्याचं टपाल तिकीट निघालं. अशी मोजकी नावं उरली. बाकीच्यांची चव उरली, आणि ती दुसऱ्यांच्या घराण्याची पाककृती म्हणून ओळखली जाते. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते पाव इतके सुंदर होते म्हणून जास्तच वाटतं.

हे सगळं मी आजींना सांगितलं. त्या रागावतील अशी भीती होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आठवडाभर फोन केले, जुन्या ओळखी काढल्या आणि बर्मिंगहॅममध्ये त्या बाईंची नात सापडली. फोनवर बराच वेळ बोलणं झालं. आजींनी पावांची आठवण काढली तेव्हा ती नात एवढंच म्हणाली, “आमच्याकडे ख्रिसमसचं जेवण रात्री व्हायचं. आजी तुमची भांडी घासून आली की.” फोन ठेवल्यावर आजी बराच वेळ खुर्चीत बसून होत्या. मग डबी उघडली, ते कार्ड काढलं आणि नावापुढे आडनाव लिहिलं. शाई निळी होती, जुनी अक्षरं काळी. त्या कार्डाची एक स्वच्छ नक्कल करून त्यांनी बर्मिंगहॅमला पाठवली.

त्या वर्षी जेवायला आम्ही चौदा जण होतो. ड्रेसिंग होतं, खारवलेल्या हॅमचे कागदासारखे पातळ काप होते, अँब्रोझिया होता. पाव शेवटी आले, टोपलीत, सुती कापडाखाली झाकलेले. टोपली पुढे सरकवण्याआधी आजींनी त्या बाईंचं नाव घेतलं, आडनावासकट, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या धाकट्या पणतूला ते नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकदा घेतलं.